खोक्यांखाली दबलेला अल्बम

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा आम्ही धान्य, गॅस, आईची औषधं आणि माझा तंबोरा वरच्या मजल्यावर नेला. तळमजल्याच्या खोलीतली अकरा खोकी खालीच राहिली. त्यांत १६० टी-शर्ट आणि ३०० सीडी होत्या. पाणी उतरल्यावर खोकी उघडली तर आत नुसता चिखलाचा लगदा. पुरात तुमचं काय गेलं, असं कुणी विचारलं की मी 'अल्बमचा माल' म्हणायचे. पण तो माल मे महिन्यातच लोकांच्या घरी पोचायला हवा होता. ऑगस्टपर्यंत तो माझ्या खोलीत पडून होता, हा दोष पुराचा नव्हता.

माझ्या आजीला जात्यावरच्या दोन-अडीचशे ओव्या पाठ होत्या. ती गेल्यावर तिच्या तासगावकडच्या गावात जाऊन मी आणखी काही बायकांकडून ओव्या उतरवून घेतल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून अशा लाखभर ओव्या जमवल्या, हे मला तेव्हाच कळलं, आणि आपण करतोय ते वेड नाही असा धीर आला. मी उतरवलेल्या ओव्यांतल्या नऊ ओवीमाळा तंबोरा, गिटार आणि ढोलकीवर बांधायच्या, पुण्यात नीट ध्वनिमुद्रण करायचं, असं मी, गिटारवाला आणि ढोलकीवाला अशा आम्ही तिघांनी ठरवलं. रेकॉर्ड कंपनीच्या दारात जायचं नव्हतं. ऐकणाऱ्यांकडूनच पैसे उभे करायचे होते.

जानेवारी २०१९मध्ये एका संकेतस्थळावर आवाहन टाकलं. चाळीस दिवसांत २८७ लोकांनी ४ लाख १० हजार रुपये दिले. त्या रात्री मी रडले होते. आजीच्या ओव्यांसाठी अनोळखी माणसं पैसे देतात ही गोष्ट मला अजूनही थोर वाटते, आणि म्हणूनच पुढचा हिशेब उघडा मांडते आहे.

संकेतस्थळाचं कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि पैसे वळते करण्याचा खर्च मिळून ४१ हजार गेले. स्टुडिओचे आठ दिवस, दिवसाला १२ हजार, म्हणजे ९६ हजार. मिक्सिंग आणि मास्टरिंग गाण्यामागे ८ हजार, म्हणजे ७२ हजार. साथीदारांचे ६० हजार. इथपर्यंत सगळं ठीक होतं. हातात १ लाख ४१ हजार उरले होते. पण पैसे देणाऱ्यांना काय देणार, या रकान्यात मी मोठ्या उत्साहानं सीडी, टी-शर्ट आणि पाच हजार देणाऱ्याच्या घरी येऊन मैफल, असं लिहून बसले होते. पाचशे सीडींचे ३५ हजार. दोनशे टी-शर्टांचे ५६ हजार. कुरिअरचे साडेएकवीस हजार. उरले साडेअठ्ठावीस हजार, आणि अकरा मैफली डोक्यावर. त्या अकरा जणांकडून ५५ हजार आले होते. तिघांचा प्रवास, जेवण, कुठे मुक्काम, असे पहिल्या सहा मैफलींनाच ५४ हजार लागले. दादाकडून उसने घेतले. ते फेडायला दीड वर्ष लागलं.

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेळेचं झालं. मार्चपासून मी रियाज सोडून टी-शर्टची मापं, चुकलेले पिनकोड आणि परत आलेली पार्सलं यांतच होते. ध्वनिमुद्रण झालेली गाणी मिक्सिंगविना दोन महिने पडून राहिली, कारण ती ऐकायला माझ्याकडे मोकळे कान नव्हते. ज्या गाण्यासाठी लोकांनी पैसे दिले तेच मी सर्वांत शेवटी हातात घेतलं.

पूर ओसरल्यावर टी-शर्टची वाट पाहणाऱ्या १६० जणांना मी पत्र लिहिलं. माल बुडाला, पुन्हा छापायला वेळ लागेल, तुम्हाला तो हवाच आहे का, एवढंच विचारलं. १३१ जणांनी उत्तर दिलं की टी-शर्ट राहू द्या, गाणी पाठवा. एका आजोबांनी लिहिलं की माझी आई दळताना गायची, मला तेवढंच ऐकायचंय. सतरा जणांना टी-शर्ट हवा होता, त्यांना तो पाठवला. बारा जणांचं उत्तर आलं नाही. हे पत्र मी जानेवारीत, पैसे मागण्याआधी लिहायला हवं होतं. ज्या वस्तूंनी माझं वर्ष खाल्लं, त्या बहुतेकांना नकोच होत्या.

म्हणून चाहत्यांकडून पैसे उभे करायला निघालेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट सांगते: आपण एरवीही जे करणार आहोत तेवढंच कबूल करा. रोज पहाटे रियाज करता ना? महिन्यातून एकदा त्यातली दहा मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. चाल बांधताना कच्चे मुखडे करता ना? ते ऐकवा. यात छपाई नाही, कुरिअर नाही, आणि दिलेला शब्द पाळताना गाणं पुढेच सरकतं. ज्यासाठी तुम्हाला गाणं बाजूला ठेवावं लागेल ते कितीही आकर्षक दिसलं तरी लिहू नका. घरी मैफल कबूल करणार असाल तर आधी नकाशा उघडा आणि सर्वांत लांबच्या गावाचं भाडं काढा. सरासरी काढू नका. आमच्या अकरांत एक चंद्रपूर होतं आणि एक बेंगळुरू.

अमेरिकन गायिका अमांडा पामर हिनं २०१२मध्ये किकस्टार्टरवर सुमारे १२ लाख डॉलर उभे केले. तेवढे पैसे जमूनही दौऱ्यात गावोगावच्या वादकांना तिनं बिनपैशानं साथीला बोलावलं, तेव्हा मोठी टीका झाली आणि शेवटी तिनं पैसे द्यायचं ठरवलं. साथीदारांचा आकडा हिशेबात सर्वांत वर लिहा. गिटार आणि ढोलकीवाल्याला मी आधी पैसे दिले, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी माझ्याकडून बरोबर झाली.

त्याच २०१९मध्ये प्लेजम्युझिक ही संगीतकारांसाठी पैसे उभे करणारी ब्रिटिश कंपनी बुडाली आणि चाहत्यांनी दिलेले पैसे कितीतरी कलाकारांच्या हाती पडलेच नाहीत. मोहीम संपताच पैसे आपल्या खात्यात काढून घ्या. देणाऱ्यांची नावं, पत्ते, फोन त्यांच्या परवानगीनं आपल्या वहीत उतरवून ठेवा. कुठलंही संकेतस्थळ उद्या बंद झालं तरी ती यादी तुमच्याकडे राहते. माझी २८७ जणांची यादी एका साध्या एक्सेल फाइलमध्ये आहे आणि तिच्या तीन प्रती आहेत.

पुढच्या वर्षी मी दरमहा शंभर रुपयांची वर्गणी सुरू केली. कल्पना नवी नाही. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११मध्ये भारत गायन समाज उभा केला. कोल्हापूरचा देवल क्लब त्याहून जुना. राजाश्रय आटत गेला तेव्हा गाणं जगवलं ते अशा सभासदांनी. सप्टेंबर २०२१पर्यंत माझे ६१ वर्गणीदार झाले. ऑक्टोबरमध्ये ते २३ उरले. कुणी रागावलं नव्हतं. १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. नव्यानं संमती देणं आणि पैसे कापण्याआधी चोवीस तास सूचना मिळणं आवश्यक झालं. जुन्या संमती गळून पडल्या. शंभर रुपयांसाठी पुन्हा कार्डाचे आकडे टाकत बसायला कुणाला सवड असते? मी वर्गणी वार्षिक केली, १२०० रुपये, यूपीआयनं, चैत्र पाडव्याच्या आठवड्यात, आणि प्रत्येकाला स्वतः फोन केला. आज १४३ वर्गणीदार आहेत. वर्षाला पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर. यावर घर चालत नाही, मी अजून शिकवण्या घेते. पण पुढचा अल्बम यातून होईल, कुणापुढे हात न पसरता.

स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहू नका. २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम होत नाहीत त्याला रॉयल्टीच मिळत नाही. माझ्या नऊपैकी चार गाणी त्या रेषेखाली आहेत. ती मी तिथून काढली नाहीत, कारण तिथे ऐकून माणसं माझ्यापर्यंत येतात. पैसे मात्र दुसरीकडून येतात. परदेशातली मराठी माणसं बँडकँपवर अल्बम विकत घेतात. तिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात, आणि घेणाऱ्याला ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त देता येतात. पुष्कळजण देतात. पाच डॉलरच्या अल्बमला वीस डॉलर देऊन 'आईसाठी' एवढंच लिहिणारी एक बाई माझ्या कायम लक्षात आहे.

घरगुती मैफली मी बंद केल्या नाहीत, पद्धत बदलली. आता यजमानांना आधीच सांगते: निदान चाळीस माणसं, खाली सतरंजी, माइक नको, प्रवास आणि मुक्काम तुमच्याकडे, तिघांची मिळून बिदागी २० हजार. दारात यूपीआयचा कोड ठेवायचा. ज्याला वरून काही द्यायचं असेल तो देईल. लाजू नका. कीर्तनकाराच्या आरतीच्या ताटात पैसे टाकताना आपल्याला कधी अवघडल्यासारखं वाटलं का?

कागदपत्रांबद्दल दोनच गोष्टी. या पैशाला देणगी म्हणू नका. तो गाण्याचा मोबदला आहे. पावती द्या आणि तो तुमच्या उत्पन्नात दाखवा. परदेशी नागरिकांच्या देणग्यांसाठी २०१०चा वेगळा कायदा आहे, त्या वाटेला न गेलेलं बरं. मोठी रक्कम असेल तर सनदी लेखापालाला दोनशे प्रश्न विचारा, पण मोहिमेआधी. दुसरी गोष्ट, वर्गणीदार हमखास म्हणतात, 'गीतरामायणातलं एखादं गा ना आमच्यासाठी.' मनापासून गावंसं वाटतं. पण ते शब्द लिहिणारे गदिमा १९७७मध्ये गेले. मृत्यूनंतरची साठ वर्षं मोजली तर त्यांच्या शब्दांचे हक्क २०३७च्या अखेरपर्यंत वारसांकडे आहेत, आणि चालीचे हक्क वेगळेच. पैसे घेऊन फक्त सभासदांना ऐकवलं म्हणून परवानगी माफ होत नाही. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, पण त्यांना दुसऱ्या कुणी बांधलेली चाल मोकळी असेलच असं नाही. जात्यावरच्या ओव्या कुणा एकीच्या नाहीत. त्यांना माझी चाल आहे, तरीही ज्या बायकांनी त्या सांगितल्या त्यांची नावं प्रत्येक गाण्याखाली आहेत आणि अल्बमच्या विक्रीतला वाटा दर दिवाळीला त्यांच्याकडे जातो.

पुढची मोहीम उघडण्याआधी तुम्हीही एक कागद घ्या. डावीकडे तुम्ही काय काय कबूल करणार ते लिहा, उजवीकडे प्रत्येकासमोर रुपये आणि दिवस. दिवसांचा रकाना विसरू नका, माझ्या कागदावर तोच नव्हता.

माझ्या अकरा मैफलींतल्या नऊ झाल्या. मध्ये लॉकडाउन आला, मग ढोलकीवाल्याच्या घरी आजारपण. चंद्रपूर आणि बेंगळुरू राहिले. दोन्ही घरच्यांनी सोडून द्या म्हणून सांगितलं, मी सोडलं नाही. चंद्रपूरचं तिकीट काढलं आहे, डिसेंबरातलं.