हिरड्यांचा आजार आणि हृदय

छात्र मित्रांनो, पीटीच्या आधी दात घासताना थुंकीत रक्त दिसले, तर बरेच जण नळ सोडून मोकळे होतात. जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून त्या रक्ताविषयी मला थोडे सांगायचे आहे.

दातांवर जमणारा चिकट थर ही जिवाणूंची वसाहत असते. तो रोज निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते. हिरडी सुजते, रक्त येते. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो. पुढे दाताभोवतीचे हाड झिजते, दात हलू लागतो. हाच पायोरिया. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

आता हृदयाकडे वळू. आमच्या आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्र येथे, डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेले नारायण हृदयालय आहे. अशा रुग्णालयांत झडपेची शस्त्रक्रिया ठरली की आधी दात तपासून घेण्याची पद्धत असते. कारण सुजलेल्या हिरडीतून जिवाणू रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांना लवकर संपवते. पण कृत्रिम किंवा ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेल्या झडपेवर ते ठाण मांडू शकतात. हा संसर्ग जिवावर बेततो.

मग हिरड्यांमुळे हृदयविकाराचा झटका येतो का? वर्गात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. झटका आलेल्या रुग्णांचे दात इतरांपेक्षा खराब असल्याचे १९८९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना आढळले. परंतु तंबाखू आणि मधुमेह हे दोन्ही आजारांना खतपाणी घालतात. म्हणून दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढ्यावरून एकीमुळे दुसरी झाली असे म्हणता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१२ मध्ये हेच मत दिले : संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध नाही. परीक्षेत आणि आयुष्यातही हा फरक विसरू नका.

सैनिकाला हा विषय नवा नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतील जवानांच्या हिरड्या सडत. त्या आजाराला ‘ट्रेंच माउथ’ हेच नाव पडले. आपल्या सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत किमान १४ दंतगुण लागतात आणि तीव्र पायोरिया असलेला उमेदवार अपात्र ठरतो. वर्षानुवर्षांची मेहनत हिरड्यांपायी वाया जाऊ नये.

उपाय साधे आहेत. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, हिरडीच्या कडेपर्यंत दात घासा. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका. तिथेच स्वच्छतेची गरज असते. दंतवैद्याकडून कीटण काढून घ्या. त्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे.

पालकांना दोन विनंत्या. घरात कुणी मिसरी लावत असेल, तर ती सोडवा. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. आणि मुलाला जन्मजात हृदयदोष असेल किंवा झडपेचा आजार असेल, तर दात काढण्यापूर्वी ते दंतवैद्याला आठवणीने सांगा. काहींना आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते.