लेथचा छिलका काँक्रीटात घालताना

पोरा, अंगणात ट्रॅक्टर उभा करायला काँक्रीट घालतोस ना? मग भंडाऱ्याच्या लेथवाल्यांकडून लोखंडाचा छिलका आण. लोखंडाचाच. भंडारा पितळेचं गाव, पण पितळेच्या छिलक्याला भाव चांगला, तो पुन्हा वितळवायलाच जाऊ दे. अॅल्युमिनियम मात्र चिमूटभरही नको. ओल्या सिमेंटात ते फसफसतं, हायड्रोजन सुटतो आणि काँक्रीट फुगून पोकळ होतं. चुंबक जवळ ठेव. जे चिकटत नाही ते बाजूला काढ.

छिलक्याला लेथचं तेल असतं, आणि तेलकट लोखंडाला सिमेंट धरत नाही. लोक इथेच आळस करतात. गरम पाणी आणि कपड्यांच्या पावडरने धू, उन्हात वाळव, मग मूठभर छिलका कागदावर दाबून बघ. डाग उमटला तर पुन्हा धुवायचा. हातमोजे घाल, छिलका ब्लेडसारखा कापतो. लांब वेटोळी तोडून इंच-दोन इंचांचे तुकडे कर, नाहीतर मिक्सरमध्ये त्यांचे गोळे होतात.

सिमेंटच्या एका बोरीला तीन किलोपासून सुरुवात कर, पाचाच्या वर जाऊ नको. गिट्टी, रेती, सिमेंट, पाणी एकजीव झालं की मिक्सर फिरत असताना थोडा थोडा भुरभुरत टाक. मसाला घट्ट वाटेल, पण म्हणून वरून पाणी ओतायचं नाही; पाणी वाढलं की ताकद गेली.

छिलक्याने घर थंड राहतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नको. लोखंडातून उष्णता काँक्रीटपेक्षा कितीतरी वेगाने जाते. फायदा वेगळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो. काँक्रीट दिवसा फुगतं, रात्री आकसतं आणि चिरा पडतात. छिलका चिरेचे दोन्ही काठ धरून ठेवतो, ती रुंदावू देत नाही. दाब सोसायची ताकद फारशी वाढत नाही, वाकणं आणि धक्का पचवायची वाढते. म्हणून अंगणाला, गोठ्याच्या वाटेला हे ठीक. स्लॅब आणि बीममधली सळाख मात्र एकही कमी करायची नाही, तिथे इंजिनिअर सांगेल तेच.

वर डोकावणारी टोकं गंजतात आणि पायात रुततात. काँक्रीट ओलं असतानाच थापीने ती आत दाब.

आधी एक लहान फरशी ओत, दहा दिवस तराई कर, घणाचे चार घाव घालून बघ, मगच अंगणाला हात लाव.