कपाशीच्या पानाचे चित्रीकरण : कॅमेऱ्याची प्रत कोणती ठेवावी?



कारंजा (लाड) परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कपाशीची पाने लाल पडू लागली की पहिला विचार फवारणीचा येतो. परंतु लाली दोन कारणांनी येते. तुडतुडे रस शोषतात तेव्हा पानांच्या कडा पिवळ्या, नंतर लालसर होऊन पाने मुरगळतात. लाल्या विकृतीत मात्र कीड नसते. अन्नद्रव्यांची कमतरता व थंडी ही त्याची कारणे असतात. तेथे कीटकनाशकाचा खर्च वाया जातो.

तुडतुडा पानाच्या मागील बाजूस राहतो व तिरका चालतो. ही चाल फोटोत दिसत नाही, चित्रीकरणात दिसते. मागे एका बंधूने आपल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर दहा मिनिटांचे चित्रीकरण करून आणले. प्रत सर्वांत कमी ठेवली होती. ठिपके हलतात की कॅमेरा, हेच कळेना. शेतात जाऊन पाने उलटली तेव्हा लाल्या निघाला. तोवर एक फवारणी होऊन गेली होती.

प्रत कशी निवडावी?

चित्र लहान ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनते. तुडतुडा सुमारे अडीच मिलिमीटरचा असतो. दहा सेंटिमीटर रुंद पान पूर्ण चौकटीत घेतल्यास त्याच्या वाट्याला लांबीत किती पिक्सेल येतात ते पाहा :

३२० × २४० : ८
६४० × ४८० : १६
१२८० × ७२० : ३२
१९२० × १०८० : ४८

आठ पिक्सेलमध्ये कीड ओळखता येत नाही. १२८० × ७२० ही प्रत या कामास पुरेशी आहे. ती नसेल तर ६४० ठेवून कॅमेरा निम्म्या अंतरावर न्यावा.

कार्डाचा हिशेब

माहितीपुस्तिकेत दर सेकंदाचे मेगाबिट दिलेले असतात. त्यास ८ ने भागले की मेगाबाइट मिळतात. १२ मेगाबिट म्हणजे सेकंदाला दीड, मिनिटाला ९० मेगाबाइट. अर्ध्या मिनिटास ४५ पुरतात. म्हणून प्रत कमी करून जागा वाचवू नये, वेळ कमी करावा.

हेही लक्षात ठेवा

१) सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे ठेवावीत. १५ ठेवल्यास हालचाल तुटक दिसते.
२) ‘फाइन’ व ‘नॉर्मल’ असे पर्याय असल्यास ‘फाइन’ निवडावा.
३) जवळून घेताना फुलाचे चिन्ह असलेली मॅक्रो सोय वापरावी. डिजिटल झूम वापरू नये, त्याने बारकावा वाढत नाही.
४) पान हळूच उलटावे व कॅमेरा दोन्ही हातांनी स्थिर धरावा.
५) व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, अन्यथा प्रत घटते.

शेताच्या निरनिराळ्या भागांतील पाने घ्यावीत. सरासरी दर पानी २ ते ३ तुडतुडे आढळले तरच फवारणीचा विचार करावा. त्यापूर्वी अर्ध्या मिनिटाचे स्पष्ट चित्रीकरण तज्ज्ञांना दाखवावे.