पानगळीच्या दिवसांत बॅटरीचा ब्लोअर: घेण्याआधीचा हिशेब

महाशिवरात्र झाली की सातारा-सांगलीकडे केराचे दिवस सुरू होतात. वड-पिंपळ जुनी पाने टाकून पालवी धरतात, बांधावरचा साग उघडा पडतो, चिंच-गुलमोहराची बारीक पत्री फरशीच्या फटींत जाऊन बसते. पाचगणी-महाबळेश्वराच्या बाजूला सिल्व्हर ओकच्या वाळक्या पानांनी बंगल्यांची आवारे भरून जातात. सकाळी खराट्याने लख्ख केलेले अंगण दुपारचा वारा सुटला की पुन्हा होते तसे होते.

आणि शेतात हातघाई असते ती याच दिवसांत. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात द्राक्षांची तोडणी आणि बेदाण्याचा हंगाम, दुसरीकडे हळदीची काढणी आणि शिजवणी, शेवटच्या टप्प्यातली ऊसतोड, वाई-महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी. झाडलोटीसाठी म्हणून गडी किंवा बाई मिळणे अवघडच. त्यामुळे हातात धरून चालवायचा, बॅटरीवरचा ब्लोअर आता तालुक्याच्या दुकानांतही दिसू लागला आहे. दुकानात मागताना मात्र ‘पाने उडवायचा, हातातला’ असे स्पष्ट सांगावे. द्राक्षपट्ट्यात नुसते ब्लोअर म्हटले, तर ट्रॅक्टरमागे लावायचे फवारणी यंत्रच पुढे येते.

पंपाचा अंदाज इथे चुकतो

पाठीवरचा बॅटरी पंप आता बहुतेक शेतकऱ्यांकडे आहे, आणि ब्लोअर घेताना फसगत होते ती त्याच सवयीमुळे. पंपात सहसा १२ व्होल्ट, ८ एएचची लेड-ॲसिड बॅटरी असते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की ९६ वॉट-अवर एवढा साठा निघतो. पंपाची मोटर ३०-४० वॉट ओढते, म्हणून एका चार्जिंगवर अडीच-तीन तास फवारणी होते.

ब्लोअरचे गणित वेगळे आहे. हवा जोरात ढकलायला फार ताकद लागते. १८ व्होल्टचा लहान ब्लोअर पूर्ण जोरावर ३००-४०० वॉट घेतो, तर ३६-४० व्होल्टचा मोठा ६०० ते ९०० वॉटपर्यंत जातो. १८ व्होल्ट, ४ एएचची बॅटरी म्हणजे ७२ वॉट-अवर. ती पूर्ण जोरावर जेमतेम १०-१४ मिनिटे पुरते. जाहिरातीत ‘४० मिनिटे’ किंवा ‘१ तास’ लिहिलेले असते ते खोटेच असते असे नाही, पण तो आकडा बहुधा सर्वात कमी वेगाचा असतो.

कमी वेगावर बॅटरी एवढी का टिकते, हे कळले तर यंत्र वापरायची पद्धतच बदलते. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग निम्म्यावर आणला की शक्ती सुमारे एक अष्टमांश लागते. मोटरमधली घट धरली तरी बॅटरी कितीतरी पट जास्त चालते. कोरडी चिंचेची पत्री फरशीवरून सरकवायला निम्मा वेग पुष्कळ होतो. पूर्ण जोर फक्त सागाच्या मोठ्या पानांच्या ढिगासाठी आणि कोपऱ्यात अडकलेल्या ओलसर केरासाठी राखून ठेवावा. म्हणून एकाच वेगाचे यंत्र घेऊ नये. खटका दाबू तसा वेग कमी-जास्त होणारे, ब्रशलेस मोटरचे यंत्रच पाहावे.

वेगाला भुलू नये, हवा मोजावी

बाजारात ब्लोअर म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात. एक असते अरुंद तोंडाचे. गॅरेजमध्ये किंवा सुतारकामात भुसा आणि धूळ उडवायला ते बनवलेले असते. ते मिनिटाला २.५ ते ३ घनमीटर हवा सोडते, पण हवेचा वेग प्रचंड असतो आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला असतो तो वेगच. दुसरे लांब, जाड नळीचे, आत सरळ रेषेत पंखा बसवलेले. ते मिनिटाला १० ते १३ घनमीटर हवा सोडते, वेग मात्र पहिल्यापेक्षा कमी असतो.

पाने गोळा करायला दुसरे लागते. पहिल्याची हवा बारीक धारेने एका जागी आदळते, तिथली चार पाने उडतात आणि शेजारचा ढीग जागेवरच राहतो. खोक्यावर हवा ‘सीएफएम’मध्ये दिलेली असेल तर १०० सीएफएम म्हणजे साधारण २.८ घनमीटर प्रति मिनिट हे लक्षात ठेवावे. ३५०-४५० सीएफएमचे यंत्र आवारासाठी, १०० च्या आसपासचे यंत्र ट्रॅक्टरचा रेडिएटर, मळणी यंत्र आणि पिठाच्या गिरणीची धूळ झाडायला.

घराभोवती गुंठा-दीड गुंठा जागा आणि एखादे झाड असेल, तर यंत्राची गरज नाही. खराटा स्वस्त पडतो आणि कामही तेवढ्याच वेळात होते. शेणाने सारवलेल्या किंवा नुसत्या मातीच्या अंगणात तर ब्लोअर चालवूच नये. पानांबरोबर वरचा थर सुटून येतो, घरभर धूळ होते. पेव्हर ब्लॉक, कोबा, शहाबादी फरशी अशी टणक जागा आणि ३-४ गुंठ्यांच्या पुढचे आवार असेल, तरच खर्च वसूल होतो. १० गुंठ्यांच्या पुढे मोठी झाडे असतील तर ३६-४० व्होल्टचे यंत्र आणि दोन बॅटऱ्या धराव्यात, म्हणजे एक लावली की दुसरी चार्जिंगला ठेवता येते.

बॅटरी तराजूवर ठेवून पाहावी

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांवर ४८, ८८, ९८ असे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि घेणाऱ्याला ते व्होल्ट वाटतात. आत बहुतेक वेळा एकापुढे एक जोडलेले ५ लिथियम सेल असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचा १८ व्होल्ट. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टला जातो, म्हणून त्याच बॅटरीवर कोणी २०, तर कोणी २१ व्होल्टही लिहितो. १८, २० आणि २१ या तिघांत खरा फरक काहीच नाही.

खरे-खोटे ओळखायला घरातला वजनकाटा पुरतो. यात बहुधा १८६५० आकाराचे सेल असतात, आणि असा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. जोराचा प्रवाह देणाऱ्या सेलची क्षमता २ ते २.५ एएच. ५ सेलांच्या बॅटरीत म्हणजे ३६ ते ४५ वॉट-अवर साठा, आणि सेलांचे वजन सव्वादोनशे ग्रॅम. ४-५ एएचसाठी १० सेल लागतात, म्हणजे नुसते सेलच ४५० ग्रॅम. वरचे कवच धरून अशी बॅटरी ६०० ग्रॅमच्या पुढे भरायला हवी. ‘६ एएच’ लिहिलेली बॅटरी काट्यावर साडेतीनशे ग्रॅम भरली, तर आत ५ सेल आहेत आणि वरचा आकडा फुगवलेला आहे, असे खुशाल समजावे.

सेलसाठी आपल्याकडे आयएस १६०४६ हे मानक आहे. बॅटरीवर त्याचा नोंदणी क्रमांक, वॉट-अवर आणि बनवणाऱ्याचे नाव छापलेले असावे. पक्के बिल घ्यावे. दुरुस्ती सांगली, कऱ्हाड, साताऱ्यात होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.

छाटणीची कात्री आणि ब्लोअर, बॅटरी एकच

‘बॅटरी-चार्जरशिवाय’ अशी बारीक ओळ बऱ्याच यंत्रांच्या किमतीखाली असते. बॅटरी आणि चार्जर वेगळे घेतले की खर्च कुठल्या कुठे जातो. म्हणून शेतकऱ्याने आधी बॅटरी निवडावी आणि ब्लोअर तिच्यामागे यावा.

द्राक्षबागायतदारापुढे एप्रिलची खरड छाटणी उभी आहे. कित्येकांकडे बॅटरीची कात्री आलेली आहे किंवा ते घेण्याच्या विचारात आहेत. कात्री, फांद्या कापायची छोटी करवत, गवत कापायचे यंत्र आणि ब्लोअर ही सगळी एकाच कंपनीच्या एकाच खाचेच्या बॅटरीवर चालत असतील, तर दोन बॅटऱ्यांत वर्षभराची कामे निघतात: फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, एप्रिल आणि ऑक्टोबरला छाटणी, पावसाळ्यात बांधावरचे गवत. दिसायला सारख्या असलेल्या बॅटऱ्यांची खाच मात्र वेगळी असू शकते. घरातली बॅटरी सोबत नेऊन दुकानातच बसवून पाहावी. छाटणीनंतर बागेत पडलेल्या काड्या ब्लोअरने हलणार नाहीत, ते काम काड्यांची कुट्टी करणाऱ्या यंत्राचे.

किर्लोस्करांचे लोखंडी नांगर नवे होते, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती आणि पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे १९१० साली आजच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर गावोगाव पोचला. अवजार आपल्या रानात चालताना पाहावे आणि मग घ्यावे, हा या मुलखातला जुना रिवाज ब्लोअरलाही लावावा. दुकानदाराला दहा मिनिटे चालवून दाखवायला सांगावे. आणि जी रोज झाडलोट करते, तिच्या हातात ते यंत्र द्यावे. खरेदी बाप्याने करायची आणि वापरायचे बाईने, असेच बहुतेक घरांत होते. बॅटरीसह २ किलोचे यंत्र आणि ४-५ किलोचे यंत्र यांतला फरक दुकानाच्या काउंटरवर कळत नाही, पाचव्या मिनिटाला मनगटात कळतो.

बेदाणा शेड आणि हळदीचे खळे

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्ही माल उघड्यावर वाळतात, त्यामुळे धूळ हा दोघांचा वैरी.

बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डीपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकच्या जाळ्यांवर पसरतात. ओले, तेलकट मणी उडालेली धूळ लगेच धरतात आणि वाळताना सुरकुत्या पडल्या की ती आत अडकून बसते. नंतर कितीही धुतले तरी ती पूर्ण निघत नाही. म्हणून शेडमध्ये ब्लोअर चालवायचा तो रॅक भरायच्या आधी: छत, खांब, जाळ्या आणि शेवटी जमीन, या क्रमाने. एकदा माल चढला की शेडमध्ये आणि वाऱ्याच्या बाजूच्या आवारातही यंत्र बंद. जमीन झाडायची झालीच, तर पाण्याचा हलका शिडकावा करून खराट्याने. माल वाळल्यावर जाळ्या हलवून बेदाणा खाली पाडायचा असतो, तेव्हाही आधी खराटा आणि मग ताडपत्री.

हळदीचे तसेच. शिजवलेली हळद खळ्यावर पसरण्याच्या आदल्या दिवशी कोबा ब्लोअरने साफ करून घ्यावा. शेजारी कोणाची हळद वाळत असेल, तर वाऱ्याची दिशा पाहून. धान्याला वारा देण्यासाठी हे यंत्र वापरू नये. त्याचा झोत अरुंद असतो, भुशाबरोबर हलके दाणेही निघून जातात. उफणणीचा रुंद पंखाच बरा.

चालवताना

दव उडाल्यावर, पण वारा सुटायच्या आत, सकाळी ८ ते १० ही वेळ चांगली. वारा पाठीशी घ्यावा, नळी जमिनीला जवळजवळ टेकवून तिरकी धरावी आणि पाने एका कोपऱ्याकडे ढकलत न्यावीत. रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात केर लोटू नये. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला एन-९५ मास्क हवाच. कबुतरांची विष्ठा, उंदरांच्या लेंड्या पडलेल्या गोदामात कोरडा झोत मारूच नये.

बॅटरीचे यंत्र पेट्रोलच्या दोन-स्ट्रोक यंत्रापेक्षा शांत असते. पेट्रोलच्या ब्लोअरवर वॉशिंग्टन शहराने १ जानेवारी २०२२ पासून बंदी घातली, ती याच आवाजामुळे आणि धुरामुळे. तरीही बॅटरीच्या यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ८० डेसिबलच्या आसपास जातो. रोज अर्धा-पाऊण तास काम असेल तर कानात बोळे घालावेत.

गोळा झालेली पाने

ढिगाला काडी लावू नये. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. पैशाचे सोडा, जळते ते आपलेच सेंद्रिय खत असते. उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा निम्मी पाने आंबा, नारळ, चिकूच्या आळ्यात चार बोटे जाड पसरावीत, पाण्याची पाळी लांबते. खोडाला मात्र चिकटवू नयेत. उरलेली नाडेप टाकीत. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाकीत पाने, शेणकाला आणि माती थराथराने भरून ओल टिकवली, तर ३ ते ४ महिन्यांत खत तयार होते. सागाची पाने चिवट असतात, ती कुट्टी करून टाकावीत.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात

सांगलीच्या पूर्व भागात, माण-खटावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. पत्र्याखालच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या जीपमध्ये त्याहून जास्त ताप असतो. काम संपल्यावर बॅटरी अर्धा तास सावलीत निवू द्यावी आणि संध्याकाळनंतर घरात चार्ज करावी. फुगलेली, तडकलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये.

जूनपासून यंत्राला सुटी. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे भिजून चिकटलेली पाने कोणताच ब्लोअर उचलत नाही. बॅटरी काढून, निम्मी भरलेली, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. गौरी-गणपतीच्या सुमारास एकदा तपासून पुन्हा निम्म्यापर्यंत भरावी. संपलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा भंगारवाल्याकडे जाऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. खरेदीच्या वेळीच ‘जुनी बॅटरी कुठे जमा करायची?’ हे विचारून उत्तर बिलामागे लिहून ठेवावे.