चौकट सोडली, चित्रकला नाही

अनिकेत : मावशी, ल्युबोव पोपोवा एवढी कसलेली चित्रकार, आणि शेवटी कापडगिरणीत छापाचे नमुने काढू लागली. रशियन क्रांतीनंतरच्या दडपणामुळेच ना?

मावशी : तारखा तसं सांगत नाहीत. ती १८८९ साली मॉस्कोजवळ एका सधन कापड व्यापाऱ्याच्या घरी जन्मली. १९१२ मध्ये पॅरिसला जाऊन क्यूबिझम शिकून आली. ‘चित्रीय वास्तुरचना’ ही तिची मालिका १९१६ मध्ये, म्हणजे क्रांतीच्या आधीच सुरू झाली. त्यात माणूस नाही, वस्तू नाही. एकमेकांखाली सरकलेली, एकमेकांना रेटणारी रंगीत प्रतलं आहेत. १९२१ मध्ये ती प्लायवूडवर रंगवू लागली. त्याच वर्षी ‘५×५=२५’ या प्रदर्शनाच्या सूचीत तिनंच लिहिलं की ही चित्रं म्हणजे प्रत्यक्ष रचना उभारण्याआधीचे प्रयोग आहेत. दडपण म्हणशील, तर समाजवादी वास्तववादाची सक्ती १९३० च्या दशकातली. क्रांतीवर तिचा विश्वास होता, पण चित्राची वाटचाल आधीपासूनच प्रत्यक्ष रचनेकडे चालली होती.

अनिकेत : तरी पट्टे आणि वर्तुळं कुणीही कुशल नक्षीकार काढेल.

मावशी : मधला टप्पा तू गाळलास. १९२२ मध्ये मेयेरहोल्डनं बसवलेल्या क्रोमेलिंकच्या नाटकासाठी तिनं रंगवलेले पडदे टाळून शिड्या, फळ्या आणि प्रसंगानुसार कमीजास्त वेगानं फिरणारी चाकं उभी केली. चित्रातला ताण नटांच्या हालचालीत उतरला. कापडातही तेच. मोजक्या रंगांचे पट्टे आणि वर्तुळं अशी गुंतवलेली की सपाट कापडावर डोळ्याला पुढचं-मागचं जाणवतं, आणि अंगावर त्याला चुण्या पडल्या की रचना पुन्हा बदलते. नक्षीकार जागा भरतो; ती जागा घडवत होती.

अनिकेत : गिरणीला मात्र नमुनेच हवे असणार.

मावशी : हा आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच तिनं आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या वार्वारा स्तेपानोवानं गिरणीकडे उत्पादनाच्या निर्णयांत वाटा आणि शिवणकाम करणाऱ्यांशी थेट संबंध मागितला. कला सोडून दिलेली बाई असा हट्ट कशाला धरेल? कामगार बाईनं आपलं कापड विकत घेतलेलं पाहण्याइतकं समाधान कुठल्याच यशानं दिलं नाही, असं तिचं म्हणणं नोंदलेलं आहे. मे १९२४ मध्ये स्कार्लेट फीवरनं तिचा लहान मुलगा गेला, आणि काही दिवसांतच तीही. वय पस्तीस. गिरणीतलं काम नुकतंच कुठे रुळत होतं, तेव्हा कापड हा तिनं निवडलेला शेवट होता असं म्हणता येत नाही.