‘ताज़ा है क्या?’ : एका वाक्याचा अभ्यास

वसई-विरार परिसरात राहणाऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी जे हिंदी वाक्य बोलावे किंवा ऐकावे लागते, ते म्हणजे ‘ताज़ा है क्या?’ नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेरची भाजीची हातगाडी असो, पावाचे दुकान असो वा दुधाचे केंद्र, प्रश्न हाच असतो आणि उत्तरही ठरलेले असते : ‘एकदम ताज़ा!’ विकणारा उत्तर प्रदेशातून आलेला, घेणारा मूळचा कोकणातला किंवा मराठवाड्यातला, शेजारी उभी असलेली बाई गुजराती बोलणारी. या सर्वांना पुरेल अशी भाषा म्हणून बाजाराने हिंदी पत्करली आहे. हे आजचेच आहे असेही नाही. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे नाना देशींचे व्यापारी उतरत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथे हाती लागला. तो लेख लोकांना कळणाऱ्या प्राकृतात आहे. जेथे माल उतरतो तेथे भाषाही उतरतात, हे या भूमीला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, परीक्षेत चांगले गुणही मिळवतात, पण बाजारात या तीन शब्दांच्या वाक्याशी अडखळतात. त्याचे कारण शब्दसंग्रह नव्हे, लिंग आहे. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोनच. आपले नपुंसकलिंगी शब्द हिंदीत गेले की बहुधा पुल्लिंगी होतात. मराठीत आपण ‘ताजी फळे’, ‘ताजी केळी’, ‘ताजी अंडी’, ‘ताजी फुले’ म्हणतो; हिंदीत तेच ‘ताज़े फल’, ‘ताज़े केले’, ‘ताज़े अंडे’, ‘ताज़े फूल’ होते. मराठी कानाला येथे ‘ताज़ी’च बरोबर वाटते आणि चूक होते. उलट मराठीतला पुल्लिंगी चहा हिंदीत स्त्रीलिंगी होतो : ‘ताजा चहा’, पण ‘ताज़ी चाय’. आपली कोथिंबीर ताजी, हिंदीतला धनिया मात्र ताज़ा. भाजी आणि सब्ज़ी यांचे जमते, मासळी आणि मछली यांचेही जमते. म्हणून या दोन वस्तू घेताना कोणी चुकत नाही आणि फळवाल्याकडे गेले की चुकते.

यावर एक सोयीची गोष्ट अशी की हा शब्द मूळचा फारसी. फारसीत विशेषणाला लिंग नसते. त्यामुळे हिंदीतही, विशेषतः वृत्तपत्रांच्या भाषेत, ‘ताज़ा’ न बदलता वापरण्याची रूढी टिकली आहे. हिंदी बातम्यांत ‘ताज़ा ख़बरें’ असेच लिहिलेले आढळते. ‘ज़्यादा’ हा याच जातकुळीचा शब्द. मराठीने तो ‘जादा’ करून घेतला आणि न बदलता ठेवला : जादा पैसे, जादा गाड्या. पण ‘ताजा’ मात्र आपण काळा-गोरा यांच्या पंक्तीला बसवला आणि ताजा, ताजी, ताजे, ताज्या अशी त्याची सारी रूपे केली. एकाच वाटेने आलेल्या दोन शब्दांना भाषेने दोन वेगळे न्याय का दिले, याचे सरळ उत्तर व्याकरणात मिळत नाही. बोलणाऱ्यांनी तसे केले, एवढेच.

उच्चाराचेही सांगितले पाहिजे. हिंदीत ‘ज़’खाली नुक्ता असतो आणि त्याचा उच्चार घर्षक असतो. मराठीत ‘ताजा’ आणि ‘ताजी’ या दोहोंत आपण एकच ‘ज’ लिहितो, पण उच्चार दोन करतो, जसे ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत करतो तसे. मराठी मूल ‘ताज़ी’ म्हणताना आपला ‘जी’ उच्चारते आणि कोणी हसते. हसणाऱ्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. हिंदी ही मातृभाषा असलेले असंख्य लोकही नुक्त्याची पर्वा न करता ‘ताजा’च म्हणतात.

याच शब्दाची द्विरुक्ती केली की अर्थ थोडा सरकतो. ‘ताज़ी-ताज़ी जलेबी’ म्हणजे आत्ताच कढईतून निघालेली. ‘ताज़ा-ताज़ा नौकरी लगी है’ या वाक्यात तर ताजेपणाचा संबंधच उरत नाही. तेथे अर्थ ‘नुकतीच’ एवढाच. मराठीत असे म्हणता येणार नाही. आपण ‘नवी नवी नोकरी’ म्हणू.

आता उलट दिशेने पाहू. मराठीत ‘ताजा’ येण्यापूर्वी आपण काय म्हणत होतो? याचे उत्तर वसईच्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहे. अर्नाळ्याला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. ते सुके बोंबील. जे वाळवलेले नाहीत, ते ‘ओले बोंबील’. तसाच ओला जवळा, ओले खोबरे, ओली हळद, ओले काजू. येथे ‘ओला’ म्हणजे भिजलेला नव्हे. ज्याच्या अंगचा रस अजून गेलेला नाही तो. हिंदी बोलताना कोणी ‘गीला बोंबिल’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ते पावसात भिजले असे वाटेल. हिंदीत येथे ‘ताज़ा’ हवे. ओल्या हळदीला मात्र हिंदीत ‘कच्ची हल्दी’ म्हणतात आणि कोथिंबिरीला ‘हरा धनिया’. म्हणजे आपल्या एका ‘ओल्या’साठी हिंदी तीन शब्द वापरते.

‘ओला’ हा संस्कृत ‘आर्द्र’पासून प्राकृतातून आलेला शब्द आहे. पालीत त्याचेच रूप ‘अल्ल’. वंदनेपुरती पाली म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगितले पाहिजे, की पालीतही ‘अल्ल’ म्हणजे भिजलेला आणि ताजा असे दोन्ही अर्थ आहेत. पाली ग्रंथांत ताज्या रोहित माशाला ‘अल्लरोहितमच्छ’ म्हटले आहे. अर्नाळ्याच्या कोळिणीचा शब्द आणि पालीचा शब्द असे एकाच घरचे आहेत. स्वयंपाकघरातले ‘आले’ही याच कुळातले : ओले असते तोवर आले, वाळले की सुंठ. हिंदीतला ‘अदरक’ त्याचा भाऊच. आमच्या पिढीला पाली ही केवळ पूजाविधीची भाषा म्हणून मिळाली, ती भाजीबाजाराची भाषाही होती हे कोणी सांगितले नाही.

गंमत अशी की फारसीतही हीच कल्पना आहे. हिंदीतला ‘तरोताज़ा’ हा शब्द ‘तर’ आणि ‘ताज़ा’ यांची जोडी आहे, आणि ‘तर’ म्हणजे ओला. मात्र हा शब्द मासळीसाठी सहसा वापरीत नाहीत. झोपून उठलेला, आंघोळ केलेला, चेहऱ्यावर तजेला असलेला माणूस ‘तरोताज़ा’. मराठीत आपण त्याला ‘ताजातवाना’ म्हणतो. त्यातला ‘तवाना’ही फारसीच, त्याचा अर्थ सशक्त. पत्राच्या शेवटी आपण ‘ता. क.’ लिहितो, तोही ‘ताजा कलम’. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. पण दरबाराची भाषा कोशाने बदलता येते, बाजाराची येत नाही. ‘ताजा’ राहिला तो राहिलाच.

‘ताज़ा’ शिकवताना त्याचा विरुद्धार्थी शब्द शिकवावाच लागतो, आणि येथे आपल्या वर्गाचा धडा इतर वर्गांहून वेगळा होतो. हिंदीत ‘बासी’, मराठीत ‘शिळा’. ‘बासी’च्या मुळाशी वास, म्हणजे रात्रभर राहणे आहे, ‘शिळा’ हा ‘शीतल’पासून, म्हणजे निवलेला. म्हणीही जुळतात : आपण ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणतो, हिंदीत ‘बासी कढ़ी में उबाल’. पण ‘शिळे’ वेगळे आणि ‘उष्टे’ वेगळे. शिळे वेळेमुळे होते, उष्टे दुसऱ्याच्या तोंडामुळे. हिंदीत उष्ट्याला ‘जूठा’ म्हणतात, आणि ताटात उरलेल्या उष्ट्या अन्नाला ‘जूठन’. ओमप्रकाश वाल्मीकींनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले. कोशात हे दोन शब्द वेगळे आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या टोपलीत ते एकत्र येत. गावकीची कामे करणाऱ्या महार कुटुंबाने घरोघर फिरून भाकरी मागायची, आणि तिलाच ‘हक्क’ म्हणायचे, अशी ती व्यवस्था होती. ज्याला मिळेल ते घ्यायचे असते, त्याला ‘ताजे आहे का?’ हा प्रश्नच विचारता येत नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास आणि तुकड्यांसाठी हात पसरणे थांबवण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी लोक चवदार तळ्यावर गेले. इतिहासाच्या पुस्तकांत पाण्याचा प्रसंग ठळक छापला जातो आणि भाकरीचा उपदेश एका ओळीत आटोपतो. माझ्या मते ती दोन्ही एकच मागणी होती. वरून ओतलेले पाणी आणि दारातून टाकलेली भाकरी, यांत ताजे-शिळे निवडण्याचा अधिकार देणाऱ्याकडे राहतो. तळ्यावर स्वतः जाऊन ओंजळ भरणाऱ्याकडे तो येतो.

शिळे खाणे हीन आहे, असा याचा अर्थ नव्हे. रात्रीच्या भाकरीचा कुस्करा किंवा फोडणीचा भात आपली मुले आवडीने खातात. तो घरचा असतो आणि आपण होऊन केलेला असतो. मात्र निवासी शाळेतल्या मुलाने ताटाकडे पाहून ‘हे आजचे आहे ना?’ असे विचारले, तर त्याला उद्धट ठरवू नये. स्वयंपाक्याने उत्तर द्यावे, अधीक्षकांनी पातेले उघडून दाखवावे. तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचायला तीन पिढ्या लागल्या आहेत.

पालकांना एक विनंती. मूल सुटीत घरी येईल तेव्हा त्याला बाजारात न्यावे आणि प्रश्न त्याला विचारू द्यावा. फळवाल्याला ‘केले ताज़े हैं क्या?’, चहावाल्याला ‘चाय ताज़ी है क्या?’, कोळिणीला मात्र मराठीतच. लिंग चुकले तर तेथेच न टोकता घरी आल्यावर सांगावे. आणि ‘एकदम ताज़ा’ असे उत्तर आले तरी माशाचा कल्ला उघडून तो लाल आहे का, हे पाहायलाही त्याला शिकवावे.