नातू म्युनिकचा, शेत वारासिवनीचं

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांपासून जर्मनीत म्युनिकला नोकरी करतो. सून गोंदियाची. दोघांचेही पासपोर्ट भारतीय. मुलाला तिथे कायम राहण्याचा परवानाही मिळाला आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांना मुलगा झाला आणि बाळ जन्मापासूनच जर्मन नागरिक आहे, असं तिथल्या कार्यालयानं सांगितलं. नातू भारतीय राहावा अशी आम्हा नवराबायकोची इच्छा आहे. मुलगा म्हणतो, जर्मनीला आता दोन नागरिकत्वं चालतात, तेव्हा दोन्ही पासपोर्ट काढू. बालाघाटचे एक परिचित म्हणतात, इथल्या नगरपालिकेतून जन्माचा दाखला काढून घ्या, काम झालं. आमची चिन्नोर तांदळाची थोडी शेती आहे. ती मला माझ्या हयातीतच नातवाच्या नावे करायची आहे. काय करावं?
— एक वाचक, वारासिवनी, जि. बालाघाट

उत्तर : आधी तुमच्या परिचितांचा सल्ला बाजूला ठेवा. बाळ म्युनिकला जन्मलं, दाखला बालाघाटचा काढला, तर तो खोटा दाखला झाला. त्याच्या जोरावर पासपोर्ट मागणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे आणि उद्या त्याची झळ बसेल ती तुमच्या मुलाला. परदेशी जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत होते. तुमच्या मुलासाठी ते कार्यालय म्युनिकमध्येच आहे. बालाघाटच्या कलेक्टर कचेरीचाही यात काही संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. आईवडील भारतीय म्हणून बाळ आपोआप भारतीय, असं बहुतेकांना वाटतं. ३ डिसेंबर २००४ पासून ते तसं राहिलेलं नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ प्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत वकिलातीत व्हावी लागते आणि ‘या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही’ असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमच्या हातात अजून आठ महिने आहेत.

जर्मनीची बाजू तुमच्या मुलानं बरोबर सांगितली, पण अर्धीच. २७ जून २०२४ पासून तिथला कायदा बदलला. आई किंवा वडील पाच वर्षं कायदेशीरपणे जर्मनीत राहत असतील आणि त्यांच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर तिथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन होतं. पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, आणि नको म्हटल्यानं टळतही नाही. त्याच दिवसापासून जर्मनीनं दुहेरी नागरिकत्वावरची हरकतही काढली. पण हरकत काढली जर्मनीनं. भारताची हरकत जशीच्या तशी आहे. आपल्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे जो स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेतो, त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. हे तुमच्या मुलानंही लक्षात ठेवावं, कारण आज ना उद्या तिथले सहकारी त्यालाही जर्मन पासपोर्टसाठी अर्ज करायला सांगतील.

बाळाचं थोडं वेगळं आहे. त्यानं काही स्वतःहून घेतलेलं नाही, त्याला ते जन्मानं मिळालं. अल्पवयीन मुलाकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असू शकतं हे कलम ४ नंच धरून चाललं आहे. अशा मुलानं अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व जातं. म्हणजे कागदावर तुमचा नातू अठरा वर्षं दोन्हीकडचा राहू शकतो. फक्त दोन्ही पासपोर्ट बाळगू शकत नाही. जर्मन पासपोर्ट आधी काढला, तर वकिलातीत ते प्रतिज्ञापत्र खरं ठरणार नाही आणि नोंदीचं दार बंद होईल.

मग भारतीय नोंद करून भारतीय पासपोर्टच का काढू नये? खरी अडचण इथे येते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. समजा नातू भारतीय पासपोर्टवर दिवाळीला वारासिवनीला आला. परत जाताना विमान कंपनी विचारेल, जर्मनीचा व्हिसा किंवा वास्तव्याचा परवाना कुठे आहे? तो परवाना जर्मनी परदेशी माणसाला देते. हे बाळ त्यांच्या लेखी त्यांचंच नागरिक, त्याला परवाना देणार कसा? जर्मन नागरिकानं देशात येताना-जाताना जर्मन पासपोर्टच दाखवावा, असा तिथला नियम आहे. भारतीय पासपोर्टवर बाळ इथे येईल, पण आईच्या कडेवर परत जाताना नागपूरला किंवा दिल्लीला अडकेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलगा-सून वर्षभरात कायमचे भारतात परतणार असतील, तर वकिलातीत नोंद करून भारतीय पासपोर्ट काढावा. तिथेच राहणार असतील, तर जर्मन पासपोर्ट घ्यावा आणि त्यावर ओसीआय कार्ड काढावं. आईवडिलांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असेल, तरी अल्पवयीन मूल ओसीआयला पात्र असतं. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांकडे नोंद नको. मात्र मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर कार्ड घेणाऱ्यांना नीट-जेईईनंतरच्या प्रवेशात फक्त एनआरआय कोट्यातल्या जागा मिळतात. हा मुद्दा आज लांबचा वाटेल, पण इंजिनिअरिंगला नागपूरला ठेवायचा विचार असेल तर आत्ताच ध्यानात असू द्या. वीस वर्षांपर्यंत नवा पासपोर्ट निघाला की त्याची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा. वीस पूर्ण झाल्यावर कार्ड एकदा नव्यानं काढायचं.

‘अठरा झाल्यावर पुन्हा भारतीय होईल’ या भरवशावर राहू नका. स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आईवडिलांच्या मुलांना कलम ८ चा आधार घेऊन भारतीय नागरिकत्व परत मागता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांसाठी कलम ५ चा रस्ता आहे, पण तो सरकारच्या मर्जीचा आणि वेळखाऊ.

जाता जाता, दुबई-शारजात मुलं असलेल्यांसाठी. तिथे जन्मानं नागरिकत्व मिळतच नाही. त्यामुळे वरची सगळी द्विधा त्यांना नाही. वकिलातीतली नोंद हाच एक मार्ग. अमिरातीत बाळाचा व्हिसा जन्मापासून १२० दिवसांत करावा लागतो आणि त्यासाठी आधी पासपोर्ट लागतो. जन्मभूमीनं नागरिकत्व, असं म्हणताना लोक लिओ वराडकरांचं नाव घेतात. मालवणजवळच्या वराडच्या डॉक्टरांचा डब्लिनमध्ये जन्मलेला मुलगा २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला हे खरं. पण त्यांची आई आयरिश आहे हे सांगायचं राहून जातं. खुद्द आयर्लंडनंही नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणं १ जानेवारी २००५ पासून थांबवलं.

आता शेती. इथे नागरिकत्वापेक्षा राहण्याचं ठिकाण महत्त्वाचं. परकीय चलनाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय असो की ओसीआय कार्डधारक, दोघांनाही भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानं घेता येत नाही. म्हणजे नातवाच्या नावे सोडा, मुलगा म्युनिकला असेपर्यंत त्याच्याही नावे बक्षीसपत्र करू नका. शहरातलं घर असतं तर मुलाला बक्षीस देता आलं असतं, शेत नाही. वारसाहक्कानं मात्र दोघांनाही घेता येतं. तेव्हा मृत्युपत्र, म्हणजे तुमच्याकडची वसीयत करा. नोंदणी सक्तीची नाही, तरी उपपंजीयक कार्यालयात करून घ्या. पुढे पटवाऱ्याकडे फौती नामांतरणाच्या वेळी वाद कमी होतात. थेट नातवाच्या नावे करण्याआधी विचार करा. हिंदू कुटुंबात अल्पवयीनाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय वडीलही विकू शकत नाहीत. मला विचाराल तर मुलाच्या नावे ठेवा. ओसीआयधारकाकडे वारसानं आलेली शेती पुढे विकायची झाली, तर ती भारतात राहणाऱ्यालाच विकता येते.

आज संध्याकाळी मुलाला फोन कराल तेव्हा एक विचारा. बाळाच्या जर्मन जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टप्रमाणेच आहेत का? आपल्याकडे पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहतो, लग्नाच्या दाखल्यावर सुनेचं माहेरचं नाव असतं, आणि वकिलातीतला अर्ज त्यावरच अडतो. दुरुस्ती म्युनिकमध्येच करून घ्यायला सांगा, ओसीआयचा अर्ज भरण्याआधी.